प्रवासास उत्तम दिवस

२७ जून १९५४, रविवार. हिंगणघाट.

हिशेबाच्या वहीची मागची पाने दर वर्षी कोरी जातात. आजपासून तिथे रोजनिशी. कोणी वाचेल ही भीती नाही. आमचे हे पुढची पानेसुद्धा वाचत नाहीत.

लिहिण्यास कारण असे की नोव्हेंबरात आमच्याकडे बाळ येणार. पहिलेच. अशा वेळी बायका घाबरतात म्हणे. मला घाबरण्यासारखे काही दिसत नाही. मी मॅट्रिक आहे. गृहशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाहुलीला आंघोळ घालून, पुसून, दुपट्यात गुंडाळून मी वर्गात पहिली आले होते. दोन गुण गेले ते पाणी सांडले म्हणून. बाहुली लाकडाची होती, पण तत्त्व तेच.

शेजारच्या अनुसयाबाईंना हे सांगितले. त्यांना सहा मुले, सहाही दिवसभर आमच्या ओट्यावर. ऐकून त्या जात्याशी बसल्या बसल्या इतक्या हसल्या की पीठ उडाले. म्हणाल्या, "बाहुली दूध मांगत होती का वं?"

शिक्षण नसले की असे होते.

३० जून, बुधवार

संध्याकाळी सूर्यग्रहण. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, शिवू नये, गाठ मारू नये. सर्व पाळले. देवापुढे पाट टाकून जप करत बसले.

जप अर्ध्यावर आला तेव्हा पोटात काहीतरी हलले. मासोळीसारखे. वात असावा. जप चुकला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हलले. पुन्हा चुकला.

ग्रहण सुटल्यावर यांनी विचारले, हसतेस कशाला? मी म्हटले, ग्रहण सुटले म्हणून.

८ जुलै, गुरुवार

वर्ध्याहून मामींचे पोस्टकार्ड. आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मामा-मामींनीच वाढवले. मामी लिहितात, "पहिले बाळंतपण माहेरी होते अशी रीत आहे. यायचे असल्यास कळवावे, म्हणजे कोठीची खोली रिकामी करता येईल का ते पाहू."

अतिशय व्यवस्थित पत्र. अक्षरही सुरेख.

उत्तर टाकले: "इकडे सर्व सोय आहे, काळजी नसावी." सोय कोणती ते लिहिले नाही. कार्डावर जागा कमी असते.

१८ जुलै, रविवार

सासरच्या गावाहून, मोठी आंजीहून, थोरले भाऊजी हरिदासजी आले होते. सासूबाईंचा निरोप होता: "म्या येऊ का? पोरीले माय नाई, एकटी कशी करन?"

सासूबाईंबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. लग्नानंतर वर्षभर मी त्यांच्याकडे होतेच. चहात साखर मुठीने टाकतात. आल्यागेल्याला थांबवून घरातले सगळे सांगतात. एकदा विहिरीवर चार बायकांत म्हणाल्या होत्या, "मॅट्रिक झाली पन भाकर थापता येत नाई माह्या सुनेले, कागदावानी करते." मी तेव्हाच सर्व विसरले. तो मंगळवार होता.

तर त्या नकोत असे नाही. पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. चातुर्मासात साधुसंत गाव बदलत नाहीत. मी भाऊजींना तसे सांगितले. हे म्हणाले, ते साधूंसाठी असते ना? मी म्हटले, सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे. नियम चांगला असेल तर कोणीही पाळावा.

भाऊजी चहा पिऊन गेले. साखर दीड चमचा.

१५ ऑगस्ट, रविवार

आज शुभदिन म्हणून बाळाचे टाइमटेबल केले. जुन्या कॅलेंडरच्या जाड पाठीवर, लाल-निळ्या शाईने. भिंतीला खळीने चिकटवले.

पहाटे पाच, रामरक्षा (श्रवण). साडेपाच, दूध. सहा ते नऊ, झोप. नऊ, तेल व आंघोळ. दहा, दूध. दहा ते दोन, झोप. (या वेळात स्वयंपाक, दळण, निवडणे, पोथी.) दोन, दूध. चार, शी-शू. सायंकाळी सहा, रडणे, पंधरा मिनिटे. रडण्याने फुप्फुसांना व्यायाम होतो असे पुस्तकात आहे, म्हणून ते ठेवले. साडेसहा, शुभंकरोति. सात ते पहाटे पाच, सलग झोप.

यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, जिनिंग फॅक्टरीत आम्हा कारकुनांनाही इतकं डिसिप्लिन नाही. मग विचारले, आणि चारच्या आधी शी केली तर? मी म्हटले, सवय लावायची असते.

५ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले आहेत, घरात प्रसन्न. सराव हवा म्हणून बाजारातून कोहळे आणले. चांगले जड, पाठीकडून बाळसेदार. रोज नऊला तेल, आंघोळ, दुपटे. हात सराईत झाला आहे. एकदाही सटकले नाही.

अनुसयाबाई मीठ मागायला आल्या तेव्हा मी ते खांद्यावर घेऊन थोपटत होते. ढेकर काढण्याची पद्धत आहे ती. त्यांनी पाहिले. मीठ न घेताच गेल्या. थोड्या वेळाने कुंपणाच्या पलीकडून ओरडून म्हणाल्या, "कोहळं कोनावर गेलं वं? महादेवरावावर का तुह्यावर?"

मी कोहळे घेऊन आत गेले. मात्र देठाकडून यांच्यासारखे दिसते हे खरे.

१९ सप्टेंबर, रविवार

पुन्हा निरोप. या वेळी पत्र. मोठ्या जाऊबाईंच्या हातचे, शब्द सासूबाईंचे: "आठवा लागला असन. म्या येऊन राह्यली."

सध्या पितृपंधरवडा चालू आहे. पक्षात गरोदर बाईच्या घरी पाय ठेवणे बरे नव्हे. त्यानंतर नवरात्र, घट बसलेले घर सोडून जाऊ नये. सर्व सविस्तर कळवले. पंचांग नीट पाहणारा माणूस कधी अडत नाही.

हे म्हणाले, तुला आई नको आहे असं सरळ लिही. मी म्हटले, तिथीपुढे माझे काय चालते?

३ ऑक्टोबर, रविवार

कोहळे एका बाजूने मऊ पडले. अन्न वाया घालवणे पाप. भाजी करायची ठरवली. अख्खे कोहळे बाईने चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालायचा, म्हणून यांना विळी दिली. हे म्हणाले, याला कापू? इतके दिवस न्हाऊमाखू घातलंस त्याला? मी म्हटले, त्यात काय, कोहळे आहे.

त्यांनी घाव घातला. मी तेव्हा देवघरात होते. समई पाहायची होती.

भाजी चांगली झाली असे हे म्हणाले. मला उष्णतेमुळे घास गेला नाही. फोडणीचा धूर डोळ्यांत फार गेला. दुपटे धुऊन वाळत घातले, तेही उगीच दोनदा.

उद्यापासून सराव तांब्यावर.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी तोंडावर. सासूबाईंचा निरोप: "दिवाळी झाली का निंगते." चिवट आहेत. पंचांग पुन्हा पाहिले. आंजीहून हिंगणघाट दक्षिणेला पडते, आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. हे एक सापडले. बाकीच्या सहा वारांसाठी शोध चालू आहे. तोपर्यंत "कार्तिकी एकादशीनंतर पाहू" असे लिहिले.

बाळाचे नाव ठरवले: रामकृष्ण. मुलीचे ठरवले नाही. पोटाचा आकार पाहता गरज दिसत नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार

सर्व तयारी पूर्ण. दुपटी आठ, उकळून. सुईण तानाबाईला सांगून ठेवले. कळा सुरू झाल्या की ओरडायचे नाही, विष्णुसहस्रनाम म्हणायचे. पाठ आहे. लक्ष नामात गुंतले की वेदना जाणवत नाही असे मी अनुसयाबाईंना समजावले. त्या या वेळी हसल्या नाहीत. हात धरून म्हणाल्या, "सासूले बलाव, सुलोचना."

सर्वांना सासूबाईंचेच पडले आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

सकाळपासून पोटात दुखते आहे. कालच्या वाटाण्यांमुळे. ओवा घेतला.

तीनला दारात कोण? सासूबाई. एकट्या. डोक्यावर गाठोडे, काखेत डिंकाचा डबा. आंजीहून बैलबंडी, मग मोटार, मग रेल्वे. आणि वार गुरुवार! दक्षिणेला! मी म्हटले, अहो, दिशाशूल. म्हणाल्या, "असन. मले कुठं वाचता येते? आज सकायपासून जीव लागत नोयता, म्हून निंगाली."

चहा केला. पातेल्यात साखर त्यांनीच टाकली. मी बोलले असते, पण वाटाणे पुन्हा

२२ नोव्हेंबर, सोमवार

वरील नोंद अपुरी राहिली. ते वाटाणे नव्हते.

शुक्रवारी पहाटे मुलगी झाली. गोरी, राग आल्यासारखी, मुठी आवळलेली. कोणावर गेली ते सांगता येत नाही. कोहळ्यावर नाही.

विष्णुसहस्रनाम मी व्यवस्थित म्हटले असे मला आठवते. तानाबाई काही वेगळेच सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी "आई गं, आई गं" म्हणून असा गलका केला की जिनिंगचा चौकीदार कंदील घेऊन आला. आणि म्हणे मी आई म्हटले की सासूबाई दर वेळी "हाव, हाव, हाओ मी इथंच" म्हणत होत्या. रात्रभर. एकदाही चुकल्या नाहीत.

तानाबाईचे वय झाले आहे. कानांनी कमी ऐकू येत असावे.

२४ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई म्हणाल्या, आज तू न्हाऊ घाल, तुले सराव हाये म्हन्ते. अनुसयाबाईंनी सांगितलेले दिसते.

पाटावर बसले. पाय लांब केले. त्यांनी बाळ माझ्या पायांवर ठेवले.

तिला मान नाही. म्हणजे आहे, पण धरत नाही. इकडे धरली की तिकडे जाते. बाहुलीची मान पक्की होती. कोहळ्याला तर प्रश्नच नव्हता. गृहशास्त्राच्या पुस्तकात ही सूचना ठळक अक्षरात हवी होती. शाळेला तसे कळवावे.

पाणी थंड पडत होते म्हणून उरलेली आंघोळ सासूबाईंनी घातली. "उरलेली" म्हणजे पहिल्या तांब्यापासून.

२७ नोव्हेंबर, शनिवार

टाइमटेबलची अंमलबजावणी बारशानंतर करावी असे ठरवले. सध्या तिची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत थोडा फरक पडतो. दूध दर वेळी. शी कधीही. सलग झोप फक्त यांना.

सासूबाईंनी बाजेखालच्या शेगडीला वारा घालायला टाइमटेबल भिंतीवरून काढले. "पुठ्ठा चांगला हाये," म्हणाल्या. मी सांगितले, त्यावर महत्त्वाचा मजकूर आहे. म्हणाल्या, "मंग वाच मले." मी पहिल्यापासून वाचून दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकले. म्हणाल्या, "लय मस्त लिवलं. आता पोरीले वाचून दाखव."

खालचा कोपरा जळला आहे.

३० नोव्हेंबर, मंगळवार

बारसे. नणंदेने नाव ठेवले, प्रमिला. बरे झाले, माझ्याकडे काही नव्हते.

रात्री सासूबाई सहज म्हणाल्या, आंजीले कापूस फुटला, वेचाले बाया लावाच्या हायेत, मोठी एकटी हाये. उद्या निंगते.

उत्तमच. मी जुलैपासून हेच म्हणते आहे की मला कोणाची गरज नाही. सर्व शिकून झाले आहे. मानेचाही बराच अंदाज आला आहे.

सहज पंचांग उघडले. उद्या बुधवार. मंगळवार-बुधवार उत्तरेला दिशाशूल. आंजी उत्तरेला. मी काय करणार? सासूबाईंना सांगितले. त्या थांबल्या.

२ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लक्ष्मीचा दिवस. घरच्या मोठ्या बाईने आज उंबरा ओलांडू नये.

४ डिसेंबर, शनिवार

काल शुक्रवारी सासूबाईंनी गाठोडे बांधले. पण उजवी पापणी फडफडत होती. माझी. बाईची उजवी पापणी चांगली नव्हे. आज शनिवार, त्याबद्दल लिहायलाच नको. सोमवारी एकादशी, उपाशी पोटी प्रवास नको.

हे मला म्हणाले, पंचांग जरा माझ्याकडे दे. मी म्हटले, तुम्हाला कळणार नाही त्यातले.

९ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. सासूबाई अनुसयाबाईंबरोबर देवळात गेल्या. म्हणाल्या, तासाभरात येते. मी म्हटले, सावकाश या.

प्रमिला मांडीवर झोपली. ती उठेल म्हणून मी हलले नाही. पाय बधिर झाला. चुलीवर दूध होते, ते उतू गेले, बघत राहिले. मांजर आले, उरलेले प्यायले, माझ्याकडे पाहून तोंड पुसून गेले. हाकलायला ओरडले असते तर ती उठली असती. मग तिचा श्वास चालू दिसेना. नाकाशी बोट धरले. चालू होता. पुन्हा दिसेना. पुन्हा धरले. अशाने ती उठली आणि रडायला लागली, आणि मान एकीकडे, आणि मला रामरक्षेची पहिली ओळ आठवेना.

सासूबाई प्रसाद घेऊन आल्या. बाळ उचलले. ती गप्प. मला म्हणाल्या, "तू काऊन रडून राह्यली?"

मी रडत नव्हते. दूध करपल्याचा धूर होता.

२६ डिसेंबर, रविवार

कालची अमावास्या टळली. आज पौष लागला. पौष हा महिनाच भाकड, त्यात कोणतेही शुभकार्य करत नाहीत. हे म्हणाले, आई घरी जाणार हे शुभकार्य आहे का? मी म्हटले, नाही ना, मग अशुभ गोष्ट कशाला करायची?

हे दौत-टाक घेऊन ओट्यावर गेले. जाऊबाईंना यांनीच पत्र टाकले असे नंतर कळले. त्यात काय लिहिले ते सांगत नाहीत.

साखरेचा डबा महिन्याच्या मध्यातच संपतो आहे. लिहून ठेवले. इलाज नाही.

१५ जानेवारी १९५५, शनिवार

काल संक्रांत, आज करिदिन. करिदिनाला कोणी कुठे जात नाही हे लहान मुलालाही माहीत. तरी सासूबाईंना आठवण करून दिली. त्या प्रमिलाला तिळाचे तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "हाव बाप्पा, आठौन हाये."

१६ जानेवारी, रविवार

सकाळीच थोरले भाऊजी आले, सासूबाईंना न्यायला. जाऊबाईंचे हात वेचणीने सोलले आहेत म्हणे. खरे आहे, त्यांनाही माणूस हवे.

मी म्हटले, तरी एकदा दिवस पाहू. पण पंचांग यांच्या हाती होते. यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले: रविवार. प्रवासास उत्तम. उत्तरेस तर विशेषच उत्तम.

इतके स्पष्ट वाचायची सवय यांना नव्हती.

मी पंचांग घेतले. पुढचे पान पाहिले, मागचे पाहिले. ग्रहण नाही, करि नाही, एकादशी नाही, भद्रा नाही. पापणी दोन्हीकडची स्वस्थ.

सासूबाई गाठोडे घेऊन उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, "काय म्हन्ते वं तुही पोथी? जाऊ का नोको?"

मी पाने उलटत राहिले.

म्हणाल्या, "पोथी ठेव तिकडं. तू काय म्हन्ते?"

मी म्हटले, नका जाऊ.

त्यांनी विचारले, काऊन? मला कारण देता आले नाही. मॅट्रिक असून. भाऊजी तिथेच, हे तिथेच, अनुसयाबाई कुंपणावर हनुवटी टेकवून. सगळ्यांसमोर नुसते "नका जाऊ" दोनदा म्हटले. सात महिन्यांत इतके छोटे वाक्य मी कोणाला लिहिले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "असं म्हनाले इतले दिस लागले तुले? किती दिस राहू आता?"

मी म्हटले, ही मॅट्रिक होईपर्यंत.

अनुसयाबाईंचे कुंपण हलले. भाऊजी म्हणाले, मंग माय, मोठीले काय सांगू? सासूबाई म्हणाल्या, "सांगजो, लहानीच्या पोथीत दिवस नाई निंगाला." मग ठरले की वेचणी आटोपेपर्यंत त्या आंजीला जातील आणि होळीच्या आत परत येतील. वार कोणताही असो. तोपर्यंत अनुसयाबाई रोज न्हाऊ घालायला येणार. निघायचे उद्या. आज नाही.

चहा झाला. साखर मुठीने.

संध्याकाळी शेगडी पेटवताना टाइमटेबल पाहिले. वरचे सगळे जळून गेले आहे, पहाटेची रामरक्षा, दूध, झोप, सर्व. मधली एकच ओळ शाबूत आहे: सायंकाळी सहा, रडणे, पंधरा मिनिटे.

आज ते बरोबर वेळेवर पार पडले. प्रमिला झोपली होती.